‘अभिजात’ ठरविणाऱ्यांचा भूगोल

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा इंदूर-बडोद्यापासून बेळगाव-हैदराबादपर्यंत विखुरलेल्या मराठी भाषकांना समाधान वाटले आणि ते स्वाभाविकच होते. पण त्या समाधानाच्या भरात खुद्द ‘अभिजात’ या शब्दाची चौकशी करावयाची राहून गेली. या शब्दाचा मूळ अर्थ थोर कुळात जन्मलेला. इंग्रजीतील ‘क्लासिक’चे कूळही असेच आहे. प्राचीन रोममध्ये मालमत्तेच्या मोजणीवरून नागरिकांचे वर्ग पाडीत. सर्वांत वरच्या वर्गातील धनिकाला ‘क्लासिकुस’ म्हणत. ज्याच्यापाशी पोराबाळांवाचून दुसरी मत्ता नाही तो ‘प्रोलेतारियुस’. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील आउलुस गेलिउस याच्या ग्रंथात करआकारणीची ही परिभाषा लेखकांना लावलेली आढळते, आणि तेथे ‘क्लासिकुस’ लेखक हा ‘प्रोलेतारियुस’ लेखकाच्या विरुद्धार्थी म्हणूनच येतो. साहित्याच्या दरबारात या पदवीने प्रवेश केला तो सर्वहारा लेखकाला दाराबाहेर उभे करून.

भाषांतराच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला शब्दांच्या अशा कुळकथा उकरण्याची खोड लागते. वाचकांनी ती सोसावी. या पदवीवरून आज अत्यंत कडाक्याचे भांडण चालते ते अमेरिकेतील काळ्या जनतेने गेल्या पन्नास वर्षांत उभारलेल्या हिप-हॉप संगीतात. ज्येष्ठ कॉम्रेडांसाठी एवढे सांगणे पुरे की, तालाच्या ठेक्यावर शब्दांची लयबद्ध फेक म्हणजे रॅप. आणि रॅप, नृत्य, भिंतीवरील रंगलेखन व ध्वनिमुद्रिका हाताळण्याची कला मिळून हिप-हॉप. शाहिराचा कटाव ज्यांच्या कानात आहे त्यांना ही कल्पना परकी वाटू नये. या संगीतातील कोणते अल्बम ‘क्लासिक’ याच्या याद्या तीस-पस्तीस वर्षे तयार होत आहेत. त्या चाळल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. न्यूयॉर्क शहर व त्याच्या उपनगरांतील अल्बमांची गर्दी, मागोमाग लॉस एंजेलिस, आणि टेक्सासपासून जॉर्जियापर्यंतच्या दक्षिणी राज्यांतील अल्बम तुरळक; तेही एकदोन ठरावीक नावांपुरते. वस्तुतः या शतकाच्या आरंभापासून विक्रीत आणि प्रभावात वरचष्मा राहिला आहे तो दक्षिणेचा. ही विसंगती कशातून निर्माण झाली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

न्यूयॉर्कचा मान न्यूयॉर्कला द्यावयास हवा. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्रॉन्क्स भागात सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ डीजे कूल हर्क या जमैकातून आलेल्या तरुणाने बहिणीने योजलेल्या समारंभात ध्वनिमुद्रिका वाजविल्या; तेथून हिप-हॉपची जन्मतिथी मोजतात. त्या ब्रॉन्क्सची छाती चिरून द्रुतगती मार्ग नेण्यात आला होता, हजारो कुटुंबे उठविली गेली होती, आणि विम्याच्या पैशासाठी इमारतींना आगी लावणारे घरमालक मोकाट होते. त्या राखेत ही कला रुजली. पण जन्मस्थान असणे वेगळे आणि न्यायासन असणे वेगळे. १९७९ नंतर रॅपच्या ध्वनिमुद्रिका बाजारात आल्या तेव्हा कंपन्या, रेडिओ केंद्रे, जाहिरातदार आणि समीक्षक यांचा गोतावळा त्याच एका शहराभोवती जमला. कापसाची प्रत व्यापाऱ्याच्याच पेढीवर ठरू लागली म्हणजे शेतकऱ्याचे काय होते, हे विदर्भातील साथींना सांगावयास नको.

प्रत ठरविणारी सर्वांत वजनदार पेढी होती ‘द सोर्स’ हे मासिक. १९८८ साली हार्वर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी ते पत्रकाच्या स्वरूपात काढले आणि १९९० साली न्यूयॉर्कला हलविले. प्रत्येक अल्बमला एक ते पाच माइक देण्याची त्याची पद्धत होती. पाच माइक म्हणजे ‘क्लासिक’. १९९४ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील नास या वीस वर्षांच्या तरुणाच्या ‘इलमॅटिक’ला पाच माइक मिळाले. त्याआधी लॉस एंजेलिसच्या डॉ. ड्रे याच्या ‘द क्रॉनिक’ने १९९२ साली अवघ्या देशातील रॅपचा नाद बदलून टाकला होता, त्याला साडेचारच मिळाले. दक्षिणेतील अल्बमाला प्रकाशनाबरोबर पाच माइक मिळण्यास १९९८ साल उजाडावे लागले. तो अल्बम अटलांटाच्या आउटकास्टचा ‘अक्वेमिनाय’.

तोवर दक्षिण मुकी बसली होती काय? ह्यूस्टनच्या गेटो बॉईजनी १९९१ साली एका गीतात गुन्हेगारी जगातील माणसाच्या मनाचा कोंडमारा, संशय आणि वेडाच्या सीमेवरची भीती अशी मांडली की, तशी मांडणी तोपर्यंत रॅपमध्ये क्वचितच झाली होती. मेम्फिस हे शहर आपल्याला ठाऊक आहे ते १९६८ च्या सफाई कामगारांच्या संपामुळे आणि त्या संपाला पाठिंबा देण्यासाठी आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येमुळे. त्याच मेम्फिसच्या ऑरेंज माउंड वस्तीतून आलेल्या एटबॉल आणि एमजेजी यांनी १९९३ साली पहिला अल्बम काढला. टेक्सासच्या किनाऱ्यावरील पोर्ट आर्थर हे तेलशुद्धीकरण कारखान्यांचे गाव. तेथील यूजीके या जोडीचा ‘रायडिन डर्टी’ १९९६ साली एकही व्हिडिओ न काढता देशाच्या विक्री-यादीत पहिल्या वीसांत पोहोचला. न्यूयॉर्कचे रेडिओ त्याच्यासाठी थांबले नव्हते, आणि पोर्ट आर्थरच्या श्रोत्यांनीही न्यूयॉर्कच्या परवानगीची वाट पाहिली नाही.

यांतील एका अल्बमाविषयी अधिक लिहिणे आवश्यक वाटते. नोव्हेंबर १९९५ मध्ये अटलांटाच्या गुडी मॉब या चौघांच्या गटाचा ‘सोल फूड’ निघाला. ‘डर्टी साउथ’, म्हणजे मळकी दक्षिण, हा शब्दप्रयोग याच अल्बमातील एका गाण्याने देशभर रूढ केला. हेटाळणीचा शब्द उचलून तोच निशाण म्हणून मिरविण्याची ही रीत दलित साहित्याच्या वाचकाला नवी नाही. पण महत्त्वाचे आहे ते या अल्बमाचे साल. अटलांटात १९९६ चे ऑलिम्पिक भरावयाचे होते. शहराच्या मध्यभागी टेकवुड होम्स ही वसाहत होती. १९३६ साली राहण्यास खुली झालेली ही अमेरिकेतील सरकारी घरबांधणीची पहिली वसाहत. आरंभी ती केवळ गोऱ्यांसाठी होती. पुढे काळ्या गरिबांची झाली, आणि ऑलिम्पिकच्या तोंडावर पाडण्यात आली. शहर पाहुण्यांसाठी झाडून-पुसून स्वच्छ करण्याचा हा कार्यक्रम चालू असताना, गरिबांच्या वसाहतींभोवती उभारली जाणारी फाटके आणि पहारे कोणाला बाहेर ठेवण्यासाठी आहेत व कोणाला आत कोंडण्यासाठी, असा प्रश्न ‘सोल फूड’मधील एका गीताने विचारला. आशियाई क्रीडास्पर्धांसाठी सजविलेली दिल्ली ज्यांनी १९८२ साली पाहिली, किंवा २०१० ची राष्ट्रकुल स्पर्धांची दिल्ली पाहिली, त्या साथींना या गाण्याच्या भाषांतराची गरज नाही. असे असूनही ‘क्लासिक’ अल्बमांच्या सर्वसाधारण चर्चेत ‘सोल फूड’चे नाव निघते ते बहुधा आउटकास्टचे सहकारी म्हणून, जोडनोंदीत.

उत्तरेच्या या वृत्तीचे उघडे प्रदर्शन ३ ऑगस्ट १९९५ रोजी घडले. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील नाट्यगृहात ‘द सोर्स’चा पारितोषिक समारंभ होता. नवोदित गटाचे पारितोषिक आउटकास्टला जाहीर होताच सभागृहातून हुर्यो उठली. आंद्रे बेंजामिन आणि अँटवान पॅटन हे दोघे तरुण व्यासपीठावर उभे होते. आंद्रेने मोजके बोलून, दक्षिणेला काही सांगावयाचे आहे, एवढे बजावले आणि तो खाली उतरला. आज ते उद्गार दक्षिणेच्या रॅपचे घोषवाक्य बनले आहेत. हुर्यो करणारे कोण होते, याकडे मात्र कमी लक्ष जाते. ते बहुसंख्येने काळे तरुण होते, गरीब वस्त्यांतून आलेले होते. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख काळे स्त्री-पुरुष दक्षिणेतील मळे आणि जमीनदारांची दहशत सोडून उत्तरेच्या व पश्चिमेच्या औद्योगिक शहरांत गेले. म्हणजे सभागृहातील कितीतरी जणांचे आजी-आजोबा जॉर्जिया, कॅरोलायना आणि अलाबामातून आलेले असणार. आंद्रेच्या उच्चारांत ज्या ‘गावंढळ’ हेलाला ते हसत होते, तो त्यांच्या आजीच्या तोंडचा हेल होता.

अंतोनिओ ग्राम्शीने १९२६ साली इटलीच्या दक्षिण प्रश्नावर लिहावयास घेतलेला निबंध अटकेमुळे अपुरा राहिला. दक्षिण म्हणजे देशाच्या प्रगतीच्या पायातील लोढणे, ही समजूत उत्तरेच्या भांडवलदारांनी तेथील कामगारांच्या मनात कशी खोल रुजविली आणि तिची किंमत दोघांनाही कशी मोजावी लागली, हे सार्डिनियातून तुरीनला आलेल्या त्या माणसाने स्वतः अनुभवले होते. अमेरिकेतील दक्षिणी राज्यांना मागासलेली म्हणून हिणविण्यात कोणाचा लाभ होतो ते पाहावयाचे असेल तर १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्यानंतर कामगार संघटनांना दुबळे करणारे कायदे या राज्यांनी कसे झटपट केले, आणि स्वस्त मजुरीच्या शोधात कारखाने तिकडे कसे वळले, ते पाहावे. संगीतातील हेटाळणी आणि मजुरीतील तफावत यांचा थेट हिशेब मांडण्याचा येथे हेतू नाही. तसा मांडला तर तो ओढूनताणून होईल. पण दोन्ही एकाच चष्म्यातून दिसतात, एवढे निश्चित. पुण्याच्या छापील मराठीपुढे वऱ्हाडी, अहिराणी वा मालवणी उच्चार काढताना जीभ अडखळलेल्या वाचकाला हा चष्मा ओळखीचा वाटेल. आपल्याच पत्राच्या भाषांतरात ‘शुद्ध’ शब्द कोणता, यावर इंदूर आणि औरंगाबादचे साथी वेगवेगळी उत्तरे देतात, आणि बहुधा दोघेही बरोबर असतात.

आता मापदंडाकडे वळू. कारण पक्षपात नुसता परीक्षकांच्या मनात असता तर परीक्षक बदलून काम भागले असते. न्यूयॉर्कने ‘क्लासिक’ची जी कसोटी बनविली तिच्यात शब्दाला अग्रस्थान होते: यमकांची दाट वीण, श्लेष, एका श्वासात रचलेली गुंतागुंतीची ओळ. ही कसोटी चुकीची नव्हे. ती एका विशिष्ट जीवनपद्धतीतून आली. न्यूयॉर्कमधील निम्म्याहून अधिक कुटुंबांकडे मोटार नाही. तेथील तरुण भुयारी रेल्वेत, कानाला यंत्र लावून, एकटा ऐकतो. शब्द न् शब्द पारखण्यास त्याला अवसर असतो. ह्यूस्टन, मेम्फिस, मायामी येथे मोटारीवाचून पाऊल टाकता येत नाही. जुनी, हप्त्यावर घेतलेली का होईना, गाडी असते, आणि तिच्या मागच्या भागात भले मोठे स्पीकर बसविलेले असतात. तेथे संगीत चौघांनी मिळून, खिडक्या उघड्या ठेवून, अंगाने ऐकावयाचे असते. खर्जाचा दणका किती खोल जातो, ठेका किती सैलावतो, गाडीच्या वेगाशी त्याचे कसे जमते, या तेथील कलावंतापुढील कारागिरीच्या खऱ्या समस्या होत्या आणि त्यांवर त्यांनी अपार मेहनत घेतली. न्यू ऑर्लिन्समध्ये तर गाणे वस्तीतील नाचाच्या जलशासाठी रचले जाई. गायकाने हाक द्यावी आणि जमावाने प्रतिसाद द्यावा, ही त्याची घडण. आपल्याकडील झीलकऱ्यांच्या ‘जी जी’ला कोणी शब्दांचे दारिद्र्य म्हटले तर आपण त्याला काय म्हणू? न्यू ऑर्लिन्सच्या जुवेनाइलने १९९८ साली एका गाण्यात प्रत्येक ओळ एकाच उद्गाराने संपविली, तेव्हा न्यूयॉर्ककडील अनेकांना नेमके तेच दारिद्र्य दिसले.

याच शहरातील एक उदाहरण इतके बोलके आहे की ते वगळता येत नाही. क्वीन्समधील शोबॉइज या गटाने १९८६ साली ‘ड्रॅग रॅप’ नावाची ध्वनिमुद्रिका काढली. न्यूयॉर्कमध्ये ती फारशी चालली नाही आणि विसरली गेली. पण तिच्या प्रती मेम्फिस आणि न्यू ऑर्लिन्सला पोहोचल्या. तेथील वादकांनी तिच्यातील ठेक्याचे तुकडे उचलले, पुनःपुन्हा वाजविले, आणि ‘ट्रिगरमन’ या नावाने तो ठेका न्यू ऑर्लिन्सच्या ‘बाउन्स’ या संपूर्ण संगीतप्रकाराचा पाया बनला. शेकडो गाणी त्यावर उभी राहिली. आता विचारावे: ‘ड्रॅग रॅप’ क्लासिक आहे की नाही? न्यूयॉर्कच्या यादीत ती नाही, कारण तेथे तिला उत्तरजीवन लाभले नाही. न्यू ऑर्लिन्सच्या मुलांना ती पाठ आहे. निर्मितीचे गाव एक, अभिजात होण्याचे गाव दुसरे.

विक्रीच्या बाबतीत तर दुटप्पीपणा लपत नाही. ‘इलमॅटिक’ची विक्री आरंभी मंद होती, पाच लाखांचा टप्पा १९९६ साली आणि दहा लाखांचा २००१ साली अधिकृतपणे नोंदला गेला. ही मंद विक्री त्याच्या शुद्धतेचा पुरावा म्हणून सांगितली जाते. जुवेनाइलच्या ‘४०० डिग्रीज’ या १९९८ च्या अल्बमाला चाळीस लाखांच्या विक्रीचे प्रमाणपत्र मिळाले; तो आकडा त्याच्या उथळपणाचा पुरावा ठरला. कमी खपले तर थोर, अधिक खपले तर बाजारू, हा नियम सर्वांना सारखा लावला असता तर त्याला निदान नियम म्हणता आले असते. पण न्यूयॉर्कच्या जे-झीचे अल्बम लाखांनी खपले तेव्हा तो खप कर्तृत्वाचा दाखला ठरला.

खपाचे आकडे तरी कधीपासून विश्वसनीय झाले? १९९१ च्या मेपर्यंत ‘बिलबोर्ड’ची अल्बम-यादी दुकानदारांनी कळविलेल्या क्रमांकांवर बनत असे. कंपन्यांचे प्रतिनिधी दुकानदारांना खूश ठेवीत, आणि कोणत्या दुकानांचे म्हणणे ऐकावयाचे हेही ठरलेले असे. २५ मे १९९१ पासून प्रत्यक्ष विक्रीची यंत्रावर झालेली नोंद वापरण्यात येऊ लागली. महिना उलटण्याच्या सुमारास कॉम्प्टनच्या एनडब्ल्यूए या गटाचा अल्बम यादीत पहिला आला. जनता काय ऐकते हे त्या दिवशी बदलले नव्हते. मोजणाराचा हात तेवढा बदलला होता. पुढे दक्षिणेतील मालाची खरी उलाढाल दिसू लागली ती यामुळेच, जरी गाडीच्या डिकीतून आणि केशकर्तनालयातून विकल्या जाणाऱ्या कॅसेटी या मोजणीतूनही सुटत राहिल्या.

परंतु बाजारात दक्षिण जिंकली, म्हणजे न्याय झाला, असे समजणारे दक्षिणाभिमानी आता पुष्कळ आहेत. न्यू ऑर्लिन्सच्या मास्टर पीने आणि कॅश मनी कंपनीने मोठ्या कंपन्यांशी असे करार केले की, मूळ ध्वनिफितींची मालकी त्यांच्याकडेच राहिली. काळ्या कलावंतांची पिढ्यान्‌पिढ्या झालेली लूट ध्यानात घेता या करारांचे महत्त्व कमी लेखू नये. पण मालकी कंपनीच्या मालकांकडे राहिली, गाणाऱ्याकडे नव्हे. त्याच कॅश मनीविरुद्ध तिचा सर्वांत मोठा कलावंत लिल वेन याला २०१५ साली पैशासाठी न्यायालयात जावे लागले. मालक आपल्या वस्तीतला असला म्हणून मजुरीचा प्रश्न सुटत नाही, आणि प्रादेशिक अस्मिता हाही खपणारा माल आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दक्षिणेच्या रॅपमध्ये स्त्रीविषयीचा तुच्छभाव ओतप्रोत आहे, मग त्याची तरफदारी कशाला? तुच्छभाव आहे, आणि त्याची तरफदारी करावयाची नाही. पण ‘द क्रॉनिक’मध्ये तो कमी आहे काय? तेथे तो ‘क्लासिक’ होण्याच्या आड येत नाही. १९९० साली फ्लॉरिडातील संघराज्य न्यायालयाने मायामीच्या टू लाइव्ह क्रूचा अल्बम अश्लील ठरविला, विक्रेत्याला आणि गायकांना अटकही झाली. १९९२ साली वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरविला. स्त्रियांच्या प्रतिष्ठेचा खरा कळवळा असता तर दक्षिणेतील स्त्री-कलावंतांना तरी याद्यांत जागा मिळाली असती. व्हर्जिनियातील पोर्ट्समथच्या मिसी एलियटचा ‘सुपा डुपा फ्लाय’ १९९७ साली निघाला. नादाचे इतके धाडस त्या दशकात थोड्यांनीच केले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये निवडली गेलेली ती पहिली स्त्री-रॅपर. पण ती निवड २०२३ साली झाली. मेम्फिसच्या थ्री सिक्स माफिया या पुरुषी गटात स्वतःचा आवाज न दबू देणारी गँगस्टा बू त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी वारली. तिच्याविषयीचे कौतुकाचे बहुतेक लेख तिला वाचावयास मिळाले नाहीत.

आउटकास्टचे काय, असे कोणी विचारील. ‘द सोर्स’चे पाच माइक झाले, २००४ साली वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमाचे ग्रॅमी झाले, २०२५ साली हॉल ऑफ फेमही झाले. सारे योग्यच झाले. पण आउटकास्टला प्रवेश मिळाला तो त्यांची शब्दकळा न्यूयॉर्कच्या कसोटीलाही उतरते म्हणून. कसोटी बदलली म्हणून नव्हे. एकाला आत घेऊन दार लावून घेण्याची ही पद्धत सर्वच प्रतिष्ठित सभागृहांत असते. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवही आहे. जतन करण्याजोगी मुद्रणे तीत दरवर्षी निवडली जातात. पब्लिक एनिमी, डी ला सोल, रन-डीएमसी, ट्राइब कॉल्ड क्वेस्ट, नास, जे-झी, नोटोरियस बीआयजी अशी न्यूयॉर्क परिसराची नाममालिका तीत आहे, कॉम्प्टनचे एनडब्ल्यूए आणि डॉ. ड्रे आहेत. २०२५ पर्यंतच्या निवडीत आउटकास्टचा किंवा गेटो बॉईजचा अल्बम नाही. हार्वर्ड विद्यापीठाच्या संगीत-ग्रंथालयात दोनशे ‘क्लासिक’ अल्बम जतन करण्याची योजना निघाली. तिच्यातील पहिल्या चारांपैकी तीन न्यूयॉर्क-न्यूजर्सीचे आणि चौथा कॉम्प्टनच्या केंड्रिक लमारचा. योजनेचा सूत्रधार नाइंथ वंडर हा संगीतकार स्वतः दक्षिणेतील नॉर्थ कॅरोलायनाचा. त्याच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. कसोटी एकदा कानात बसली की ती आपलीच वाटते.

आपल्याकडे हा रोग आलाच नाही असे नाही. २०१५ साली डिव्हाइन आणि नेझी यांच्या ‘मेरे गली में’ने आणि २०१९ च्या ‘गली बॉय’ चित्रपटाने मुंबई ही भारतीय रॅपची राजधानी ठरली, आणि देशभरच्या श्रोत्यांनी ‘अस्सल’ रॅपची कल्पना तेथून घेतली. त्याच मुंबईत ‘स्वदेशी’ या गटाने २०१९ साली आरेच्या जंगलातील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्या साथीने ‘द वारली रिव्होल्ट’ हे गीत काढले. १९४५ च्या वारली उठावाचे नाव त्यात घेतले असूनही त्याची चर्चा किती झाली? तामिळनाडूच्या अरिवूने भूमिहीन आजीच्या आठवणीतून लिहिलेले ‘एंजॉय एंजामी’ २०२१ साली कोट्यवधी लोकांनी ऐकले. ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठावर मात्र त्या गीताचा गौरव करताना अरिवूचे छायाचित्र नव्हते, आणि निषेध झाल्यावर त्याला वेगळे मुखपृष्ठ देण्यात आले. २०२४ साली ‘बिग डॉग्ज’मुळे जगभर ऐकला गेलेला हनुमानकाइंड हा केरळच्या मलप्पुरमचा, पण वाढलेला ह्यूस्टनमध्ये. त्याच्या उच्चारांतील आणि खर्जातील टेक्सास ओळखावयाचे तर यूजीके ऐकलेले असावे लागतात, आणि डीजे स्क्रू ऐकलेला असावा लागतो.

डीजे स्क्रूचा प्रश्न तर यादीच्या रकान्यातच मावत नाही. रॉबर्ट अर्ल डेव्हिस हे त्याचे नाव. वडील मालट्रक चालवीत. ह्यूस्टनमधील घरी तो दोन ध्वनिमुद्रिका एकत्र वाजवी, वेग कमी करी, तुकडे मागे-पुढे करी, मित्रांना माइक देई आणि सारे करड्या कॅसेटवर उतरवून घेई. संध्याकाळी त्याच्या दाराशी गाड्यांची रांग लागे. तीनशेच्या वर अशा कॅसेटी त्याने केल्या. आज जगभरच्या गाण्यांच्या ‘संथ’ आवृत्त्या निघतात त्यांचे मूळ तेथे आहे. त्या अल्बम नव्हेत, कारण त्या कोणत्याही मोठ्या कंपनीने काढल्या नाहीत. त्यांतील मूळ गाण्यांचे हक्क इतरांचे असल्याने त्यांचे रीतसर पुनर्मुद्रणही कठीण. १६ नोव्हेंबर २००० रोजी तो वारला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयाने त्याचा ध्वनिमुद्रिकांचा संग्रह जपला आहे, हे त्या ग्रंथपालांचे मोठे काम. पण कॅसेटी पसरल्या आहेत घरोघरी, आणि चुंबकीय फीत फार वर्षे टिकत नाही.

त्यांपैकी काहींवर ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्डमधील एका उंच तरुणाचा आवाज आहे. मित्र त्याला ‘बिग फ्लॉइड’ म्हणत. २५ मे २०२० रोजी मिनिआपोलिस येथे पोलिसाने गुडघ्याखाली दाबून मारलेला जॉर्ज फ्लॉइड तो हाच. त्याचे अखेरचे शब्द जगाने ऐकले. तो तरुणपणी, रात्री उशिरा, मित्रांच्या घोळक्यात ठेका धरून काय बोलत असे ते त्या करड्या कॅसेटींत आहे.